काडी खोचलेलं शेण

कट्ट.

गोवरी मोडल्याचा आवाज, दुसरं काही नाही. पण घर इतकं गप्प होतं की त्या आवाजानं चांगुणा स्वतःच दचकली आणि तिनं आधी झोळीकडं पाहिलं. बाळ हललं नाही. रात्रभर पोटाशी पाय घेऊन रडलं होतं, आत्ता कुठं त्याचा डोळा लागला होता. थोरली विशाखा भिंतीकडं तोंड करून पडली होती. गोटीराम, चांगुणाचा नवरा, उजाडायच्या आत सायकल काढून एकलहऱ्याला कामाला गेला होता.

मोडलेल्या गोवरीतली अर्धी तिनं चुलीत सरकवली आणि अर्धी परत टोपलीत ठेवली. टोपलीत सगळ्या अशाच अर्ध्या, पाव, तळाला भुगा. अर्ध्या गोवरीत काय होतं आणि काय होत नाही, हे एव्हाना तिला पाठ झालं होतं. भाकरी कशीबशी भाजते. चहा होतो. पाणी कोमट होतं. पाणी उकळत नाही.

आणि हवं होतं ते उकळलेलं पाणीच.

बाळाला, नागसेनला, अजून वर्ष पुरं व्हायचं होतं. पोळ्याच्या सुमारास त्याचं पोट सुटलं ते थांबायचं नाव घेईना. टाळू बशीसारखी आत गेली होती, मांड्यांची कातडी म्हाताऱ्या माणसासारखी सैल पडली होती. नाशिकरोडच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाईंनी औषधाची बाटली दिली आणि बोट उगारून सांगितलं, "बाटलीनं निम्मं काम होईल. निम्मं तुमच्या हातात. पाणी खळाखळा उकळायचं, उकळल्यावरही थोडा वेळ चुलीवर ठेवायचं, तेच गार करून पाजायचं. दुसऱ्या पाण्याचा थेंब जाता कामा नये पोटात. कळलं ना?" चांगुणानं मान हलवली. जळणाचं त्यांनी काही विचारलं नाही. विचारण्यासारखी गोष्टच नव्हती ती. बाई, तुला हात आहेत ना, असं कुणी कुणाला विचारतं का?

बाभूळटेक गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडं त्यांची वस्ती. दारात उभं राहिलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायची. वारा इकडचा असला की वाळत घातलेल्या धडुत्यांवर राख बसायची. गोटीराम तिथं ठेकेदाराकडं कोळशाच्या ढिगावर होता. दिवसभर घमेल्यानं कोळसा ओढायचा, आणि सुटताना फाटकावर डबासुद्धा उघडून दाखवायचा. "माझ्या नखांत मावतो तेवढाच कोळसा घरी येतो," तो म्हणायचा आणि हसायचा. चांगुणाही हसायची, पूर्वी.

जळण मिळायच्या वाटा एकेक करून बंद झाल्या होत्या, आणि नवलाची गोष्ट अशी की प्रत्येक वाट कुणीतरी भल्यासाठीच बंद केली होती. गायरानात वाळक्या बाभळीच्या फांद्या मिळायच्या. गेल्या साली नाशिकच्या निसर्गसखा मंडळानं तिथं रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं, गावानं कुऱ्हाडबंदीची शपथ घेतली. शपथ घ्यायला वस्तीही हजर होती, लांब उभी. रॉकेल रेशनला यायचं ते दिव्यापुरतं. राहता राहिलं शेण.

शेणाचा वस्तीवर एक कायदा होता. कुणी केलेला नव्हता, सासवांकडून सुनांकडं आलेला. गुरं रानात निघाली की बायका पाट्या घेऊन मागं निघायच्या. वाटेत शेणाचा पो पडलेला दिसला पण पाटी भरलेली आहे, कडेवर लेकरू आहे, तर त्या पोवात आपली काडी खोचायची आणि पुढं जायचं. काडी खोचली की ते शेण तिचं. मग ती दुपारी येवो नाहीतर दिवस कलताना, दुसरी बाई त्याला हात लावायची नाही. वस्तीवर पाण्यावरून भांडणं झाली, वाटेवरून झाली, एकमेकींच्या नवऱ्यांवरून झाली. काडीवरून कधी झालं नाही. आणि काडी ज्याची त्याची ओळखू यायची. शेजारच्या शकुआत्या रुईचं पान टोचायच्या. चांगुणाची काडी तरवडाची, टोकाला पिवळं फूल राखलेली. फुलाची हौस विशाखाची. "आपलं शेण नटलेलं पायजे," ती म्हणायची.

त्यात मग कालिंदीताई आल्या.

कालिंदीताई निसर्गसखा मंडळाच्या. जाड सुताची साडी, खांद्याला झोळी, मंडळाची जीप. वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, असं शकुआत्या पुढं म्हणाल्या. वस्तीवर येऊन, गोणपाटावर बसून, कपाला तोंड लावून चहा पिणारी ती पहिलीच शहरातली बाई. चांगुणाच्या चुलीपाशी धुरात बसल्या, खोकल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हा धूर तुम्ही रोज गिळता? आणि ही मुलं? हे थांबलंच पाहिजे." चांगुणाला वाटलं, उठून या बाईंचे पाय धरावेत. आपण खोकतो हे आजवर कुणी ऐकलंच नव्हतं.

मग मारुतीच्या पारावर सभा झाली. ताईंनी तक्ता टांगला: गाय, गाईखाली शेण, शेणाखाली टाकी, टाकीतून नळी, नळीच्या टोकाला निळी फुलासारखी ज्योत. तक्त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं तेच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "शेण म्हणजे सोनं! आपण सोनं जाळतो मायबहिणींनो, सोन्याचा धूर करतो!"

टाळ्या पडल्या. चांगुणानंही वाजवल्या.

पण सोनं म्हटलं की त्याला मालक लागतो, कडीकुलूप लागतं आणि चोरही लागतो. हे कालिंदीताईंना ठाऊक नव्हतं. गावाला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी पाटलीण सगुणाबाईंनी गोठ्याला नवं दार बसवून घेतलं.

पाटलांचा गोठा चांगुणा लग्न होऊन आली तेव्हापासून झाडत होती. झाडायचा, उकिरड्यावर टाकायचं, आणि त्यातली एक पाटी शेण आपल्या घरी न्यायची. तेवढंच तिचं बलुतं. गोबर गॅसची सामूहिक टाकी उभी राहिली तसं काम वाढलं. साऱ्या गावचं शेण टाकीपर्यंत वाहायचं, हातानं कालवायचं, काडीकचरा वेचायचा, मग आत सोडायचं. कोपरापर्यंत हात हिरवे. पाटी मात्र बंद.

"पाटलीणबाई, माझी पाटी?"

"अगं, आता गॅस येणार तुला! शेण काय करतीस, थापून भिंतीला दागिने घालतीस का?" सगुणाबाई म्हणाल्या, आणि ओट्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

गॅस आला नाही. टाकीसाठी गावानं नेमलेल्या कमिटीचा नियम झाला, जितकं शेण तितका गॅस; ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याचा वाटा नाही. कालिंदीताईंनी वाद घातला. खंडेराव पाटील कमिटीचे अध्यक्ष. आवाज कधी चढवायचे नाहीत. ते म्हणाले, "ताई, मी कुठं नाय म्हणतो? वस्ती पुढल्या टप्प्यात." ताईंनी वहीत लिहून घेतलं, पुढला टप्पा. पाइप मारुतीच्या देवळापर्यंत आला आणि तिथून वळला. वस्तीकडं वळायचं पाइपालाही जमलं नाही.

चांगुणानं वाटेवरचं शेण धरलं. काडी खोचायची, दुपारी उचलायचं, घराच्या भिंतीवर थापायचं. कमिटीनं पारावर ठराव केला की वाटेवरचं शेणही गॅसचं. ते तिच्या कानावर आलं होतं. पण तिनं फारसं मनावर घेतलं नाही. तिला वाटलं, मोकळं पडलेलं शेण असेल ते कमिटीचं. काडी खोचलेलं कसं असेल? काडी खोचली की मिटलं. जगाला माहीत असलेली गोष्ट ती.

जग म्हणजे वस्ती, हे तिच्या ध्यानात आलं नाही. शेण उचलायला पाटलांच्या घरातली बाई कधी वाटेवर वाकलीच नव्हती, तर तिला काडी काय माहीत असणार?

टाकीवर राखणीला ठेवलेला लहानू एका सकाळी वाटेवरचे पो पाटीत भरून पारावर घेऊन आला. काड्यांसकट. चांगुणाला बोलावणं गेलं. ती बाळाला कडेवर घेऊन आली, विशाखा पदराला धरून. पारावर कमिटी बसली होती, गडीमाणसं टेकली होती, पाटी मधोमध.

खंडेरावांनी पाटीतली एक काडी उपटली आणि तिच्यापुढं धरली. "चांगुणे, ही कुणाची गं?"

चांगुणाला हायसं वाटलं. फुलासकट काडी होती. आता उलगडा होईल, लहानूनं चुकून उचललं म्हणतील, पाटी परत देतील. ती पुढं होऊन म्हणाली, "माझीच की, पाटील! बघा ना, तरवडाची. टोकाला फूल बी हाय. ह्यातल्या फुलवाल्या समद्या माझ्याच."

मग कुणीतरी फुस्सकन हसलं आणि सगळा पार हसायला लागला.

"घ्या! कबूल बी झाली!"

"चोरानं आपल्या पायानं येऊन खूण दाखवली राव!"

"शेण खाल्लंस की गं चांगुणे!"

"शेणाला काडी लावून झाली, आता गावाला लावंल."

विशाखाही हसली. सगळे हसताहेत म्हणून. आईनं काहीतरी गमतीचं सांगितलं असणार असं समजून ती आईकडं बघून हसली, तेव्हा चांगुणाला पहिल्यांदा कळलं की आपलं काय झालं आहे.

"पाटील, आमच्यात काडी खोचली का ते..."

"तुमच्यात काय असंल ते असंल," खंडेराव शांतपणे म्हणाले. "गावात कमिटी हाय. दंडबिंड नको बाईमाणसाला. लेकुरवाळी हाय. लहानू, हिच्या भिंतीवरचं कमिटीचं तेवढं काढून आण, म्हंजी झालं."

लहानूनं खुरपं आणलं. भिंतीवरच्या सगळ्या गोवऱ्या त्यानं एकेक करून खरवडल्या. वाळलेल्या, अर्धओल्या, अगदी त्याच सकाळी थापलेल्या. रास रचून ठेवली होती तीही पाट्यांत भरली. वाळल्या गोवरीचा गॅस होत नाही, हे कालिंदीताईंच्या तक्त्यावरच लिहिलेलं होतं. गोवऱ्या टाकीमागच्या खड्ड्यात पडल्या आणि परतीच्या पावसात भिजून त्यांचा चिखल झाला. भिंतीवर पंजांचे ठसे तेवढे उरले. चांगुणाचे मोठे, आणि खालच्या अंगाला, हात पोचेल तिथवर, विशाखाचे.

चुलीमागच्या टोपलीकडं लहानूचं लक्ष गेलं नव्हतं. त्या टोपलीवर आता दिवस चालले होते. वस्तीवरच्या बायकांनी आपापल्या घरातली एकेक गोवरी पदराआड आणून दिली, पण त्यांच्याही भिंती खरवडल्या जातील या भ्यानं त्यांनी थापणंच सोडलं होतं. द्यायचं तरी किती?

चुलीतली अर्धी गोवरी विझत आली. भांड्यावर हात धरला तर वाफ नव्हती. कोमट. तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला आणि बाळ जागं झालं.

कालिंदीताई आत आल्या, सवयीनं गोणपाटावर बसल्या. त्यांचा चेहरा फुललेला होता, पण बाळ पाहिलं तसा उतरला. "अगंबाई! हे काय झालं याला? चांगुणाबाई, मीठ-साखरेचं पाणी देताय ना? उकळलेल्या पाण्यात हं. साध्या नाही."

"उकळलेल्या पाण्यात," चांगुणा म्हणाली.

"हो. अगदी गार करून, चमच्या चमच्यानं." ताईंनी झोळीतून साखरेची पुडी काढून तिच्या हातात ठेवली. मग थोडं घुटमळून म्हणाल्या, "मी एका कामासाठी आलेय. गांधी जयंतीला आपल्या टाकीचं उद्घाटन आहे. दिल्लीच्या एक बाई येणार आहेत, गावांची निवड करायला. आपल्या गावाची निवड झाली ना, तर या पट्ट्यातल्या वीस-पंचवीस खेड्यांत अशा टाक्या होतील. विचार करा, किती बायकांचा धूर जाईल. आणि मला तुम्हीच हव्या आहात बोलायला. दुसरं कुणी नको."

"मी काय बोलू ताई?"

"हेच, की घरी गॅस आला, धूर गेला, मुलं खोकत नाहीत."

चुलीतून एक बारीक धुराची रेघ दोघींच्या मधून वर गेली. ताईंनी ती पाहिली आणि नजर वळवली.

"पुढच्या टप्प्यात येणारच आहे हो. पाटलांनी शब्द दिलाय मला. ते म्हणाले, चांगुणा नीट बोलली की ते काडीचं प्रकरणही मिटवतो, पाइपही टाकतो. ते काय प्रकरण आहे मला माहीत नाही, पण मिटतंय ना? आणि हे खोटं नाही चांगुणाबाई. नुसतं थोडं आधी आहे."

दारात शकुआत्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी लगीन पुढल्या साली अन् बारसं आज! घुगऱ्या तरी वाटणार का, ताई?"

ताई ओशाळं हसल्या. चांगुणा हसली नाही. तिच्या डोक्यात निळी ज्योत पेटली होती, तक्त्यावरची. खाली निळी ज्योत, वर भांडं, भांड्यात खळाखळा पाणी.

"ताई, त्या दिशी तिथं गॅस पेटणार ना? खराखुरा?"

"म्हणजे काय! तुमच्याच हातानं पेटवायचा."

"मग मला त्यावर बाळापुरतं पाणी उकळून घेऊ द्याल? तांब्याभर. उकळलं का मी घेऊन जाईन."

कालिंदीताईंचे डोळे चमकले. "अहो, सुंदर! आई आपल्या बाळासाठी पाणी उकळते आहे. पाहुण्यांना केवढं आवडेल! मला हे सुचलं कसं नाही?"

त्या गेल्यावर शकुआत्या उंबऱ्यावर टेकल्या. "बोलशील खोटं?"

"लेकरासाठी बोलीन आत्या. शेण खाल्लंच हाय म्हणं गावानं. आता घास गिळायचा काय वेगळा?"

जयंतीपर्यंतचे दिवस तिनं टोपलीचा भुगा आणि शेजारणींच्या गोवऱ्या पुरवून काढले. एक वेळची चूल बंद ठेवून दुसऱ्या वेळेला पाणी उकळायची. ज्या दिवशी पाणी उकळायचं, त्या दिवशी बाळाचं पोट जरा आवरायचं. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी पुन्हा सुटायचं. इतकं सरळ होतं ते. तिच्यासमोर वाट होती, फक्त तिच्यावर चालायला जळण लागत होतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी टोपली संपली. तिनं ती पालथी करून झटकलीसुद्धा.

उद्घाटनाला टाकीपाशी मांडव घातला होता, आंब्याचं तोरण, शाळेच्या पोरांच्या हातात कागदी झेंडे. शेगडी मांडवातच मांडली होती. पाटलांच्या स्वयंपाकघरात फोटोला उजेड पुरत नाही, असं कारण सांगितलं होतं. चांगुणाचा पाय त्या स्वयंपाकघरात पडू शकत नाही, हे कारण सगळ्यांना माहीत असल्यामुळं कुणी सांगितलं नव्हतं.

चांगुणा धुतलेलं लुगडं नेसून, घरचं पातेलं पाण्यानं भरून घेऊन आली. विशाखाच्या कडेवर बाळ. पोरीच्या अंगापेक्षा ओझं मोठं वाटावं, पण बाळ आता इतकं हलकं झालं होतं की पाच वर्षांची पोर त्याला सहज पेलत होती.

"ई! हे काळंकुट्ट भांडं?" सगुणाबाईंनी पातेलं शेगडीवर ठेवू दिलं नाही. "धूर गेला म्हणून सांगायचं अन् बूड बघा कसं!" मंडळाच्या सामानातलं नवंकोरं स्टीलचं पातेलं आलं. त्यात चांगुणानं आपलं पाणी ओतलं. काळं पातेलं मांडवामागं गेलं.

दिल्लीच्या बाई आल्या. पांढरे केस, हसरा चेहरा, पायात वहाणा. हार झाले, भाषणं झाली. मग कालिंदीताईंनी चांगुणाच्या हातात काडीपेटी दिली. तिनं काडी ओढली, चावी फिरवली, आणि भप्प करून निळी ज्योत उठली. खरंच फुलासारखी. धुराचा मागमूस नाही. चांगुणा क्षणभर सगळं विसरून तिच्याकडं बघत राहिली. असली चूल जगात आहे, आणि ती आपण कालवलेल्या शेणातून आली आहे.

"सांगा चांगुणाबाई," ताई हळूच म्हणाल्या.

"माझ्या घरी गॅस आला," चांगुणा म्हणाली. आवाज बसका निघाला म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "माझ्या घरी गॅस आला. घरातला धूर गेला. लेकरं खोकत नाहीत. पाणी... पाणी घडीभरात उकळतं. बाळाचं पोट बरं झालं."

शेवटचं वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते कसं बाहेर आलं तिलाच कळलं नाही. पुढच्या ओळीत विशाखा बाळाला घेऊन बसली होती. आईचा शब्द न् शब्द ती तोंड उघडं टाकून ऐकत होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिल्लीच्या बाईंनी हिंदीत काही विचारलं, ताईंनी मराठीत सांगितलं, "त्या विचारतात, जळण गोळा करायचा वेळ वाचला, त्या वेळात आता काय करता?"

चांगुणा गोंधळली. तिनं सगुणाबाईंकडं पाहिलं.

"सांग की, शिवण शिकती म्हणून!" सगुणाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"शिवण शिकते," चांगुणा म्हणाली. बाईंनी मान डोलावली, पुढं होऊन तिचा हात हातात घेतला. फोटो निघाला. मग पातेल्यावर वाकलेल्या चांगुणाचा निघाला. मग पातेलं, चांगुणा आणि खंडेराव. ती हसत होती, फोटोवाला सांगेल तिकडं बघत होती, पण लक्ष पाण्यावर होतं. तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरले होते. वाफ यायला लागली होती. आता कडेनं सळसळेल, मग मधून उसळेल. उसळल्यावर आणखी थोडा वेळ.

"झालं साहेब," फोटोवाला म्हणाला.

खंडेरावांनी मागं वळून सांगितलं, "लहानू, इथला कॉक बंद कर. घरी पोळ्या लाटायला घेतल्यात पाहुण्यांच्या, तिकडं दाब पुरायचा नाय."

ज्योत एकदा लपकली, पिवळी झाली आणि गेली.

"पाटील!" चांगुणाचा हात आपोआप पुढं झाला. "एवढं उकळू द्या. घडीभर. आता उकळलंच असतं बघा. बाळाचं पाणी हाय."

खंडेराव थांबले. रागावले नाहीत. उलट समजावल्यासारखं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, तुझ्या घरी गॅस हाय ना आता? आत्ताच म्हणलीस की समद्यांसमोर. घडीभरात उकळतं म्हणं. घरी जाऊन उकळ की."

मंडळी हसली. लहानू सगळ्यांत मोठ्यानं. दिल्लीच्या बाईंना भाषा कळली नाही, पण सगळे हसताहेत असं पाहून त्याही हसल्या, प्रेमानं.

चांगुणानं कालिंदीताईंकडं पाहिलं. ताईंनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, ओठ हलले. पण पाहुण्या पुढं निघाल्या होत्या, कुणीतरी "ताई, इकडं" म्हणून हाक मारत होतं, आणि त्या निम्म्या वळल्या होत्या त्या पूर्ण वळल्या. सामान जीपमध्ये चढवायची घाई चालली होती. जाता जाता त्यांनी स्टीलचं पातेलं उचललं, आतलं पाणी पाहिलं, बोट बुडवून बघितलं. "कोमटच आहे," असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि पाणी वाया घालवायचं नाही या सवयीनं ते मांडवाच्या कडेला पाहुण्यांनी आत्ताच लावलेल्या कडुनिंबाच्या रोपाला ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत, आळ्याच्या बाहेर सांडू न देता.

मांडवामागं काळं पातेलं लवंडलेलं होतं. चांगुणानं ते उचललं. पुरणाचा वास सुटला होता.

मायलेकी वस्तीच्या वाटेला लागल्या. बाळाला आता चांगुणानं घेतलं होतं. ते रडत नव्हतं. डोळे अर्धे उघडे, पापणी हलत नव्हती, ओठ सुकून पापुद्रे धरलेले. ती पदराच्या टोकानं ते ओठ पुसत होती आणि भरभर चालत होती. घरी जाऊन काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, पण पाय थांबत नव्हते. घरात पाणी होतं, ओढ्याकाठच्या विहिरीचं, गढूळ. चुलीपाशी पालथी टोपली होती. गोटीराम यायला दिवस मावळेल. शकुआत्याकडं दोन काटक्या असतील तर असतील.

कसला तरी हिशोब विशाखाच्या मनात चालला होता. रागावलेली नव्हती, उलट जरा खुशीत होती, एखादी गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली आणि ती आपल्याला आज कळली, अशा खुशीत. ओढ्याशी आल्यावर तिनं आईच्या लुगड्याला हिसका दिला.

"आई, थांब ना. इकडून कशाला चाललो आपण?"

"घरी, बाई. चल लवकर."

"ह्या घरी नको." विशाखानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "ते आपलं दुसरं घर कुठं हाय? गॅस आलाय ते? जिथं बाळाचं पोट बरं झालं?"